राखीव गाडीतले पाव

नोव्हेंबरच्या दोन तारखेला, म्हणजे ऐन मृतांच्या दिवशी, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी ट्रक ड्रायव्हर तेओफिलो यूक्राला त्याच्या वाहतूक कंपनीचा फोन आला. तो तेव्हा हुलियाका शहराच्या बाहेर, गाड्या धुवायच्या आवारात बाकावर बसून मटणाचं सूप पीत होता. बारा वाजेपर्यंत गावी पोचायचं, भावाच्या आत्म्याला निरोप द्यायचा, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता. आत धुवायच्या ओट्यावर त्याचा ट्रक उभा होता आणि गाड्या धुणारा रोमुलो रबरी अंगरखा घालून, तोंडाला मास्क लावून मागच्या हौद्यात उतरला होता.

"तेओ, गाडी कुठंय?" इंजिनिअर रोसाउराबाईंचा आवाज. कंपनीत सुरक्षेचं सगळं त्याच बघायच्या. सणाच्या दिवशी त्यांचा फोन येणं हेच मुळात वाईट.

"धुवायला लावलीय मॅडम."

"पाणी मारलं का?"

"अजून नाही. रोमुलो आत बघतोय."

"पाणी मारू नका. खाणीवरून फोन होता. सात नंबरच्या खोक्याचा तळ फुटलेला निघालाय. आतली पिशवीही फाटलीय. चार किलो कमी भरलं."

तेओचा चमचा वाडग्यातच राहिला. चार किलो म्हणजे काही बटाटे नव्हेत. खाणीत सोनं काढायला लागतं ते सायनाइड होतं, पांढऱ्याशुभ्र वड्या. चिमूटभर पोटात गेलं तर माणूस उरत नाही, हे कंपनी दर सहा महिन्यांनी ड्रायव्हरांना वर्गात बसवून सांगायची, आणि हा शहाणा दर सहा महिन्यांनी शेवटच्या रांगेत डुलक्या काढायचा.

"खाणीच्या गोदामात सांडलेलं नाही," बाई सांगत होत्या. "म्हणजे तुझ्या गाडीतच असणार. गाडी राखीव आहे म्हणून मी जरा तरी शांत आहे, नाहीतर आज झोप उडाली असती माझी. परत येताना दुसरं काही चढवलं नव्हतंस ना?"

"नाही," तेओ म्हणाला.

काय म्हणावं या माणसाला! हे 'नाही' त्याला न विचारताच तोंडातून बाहेर पडलं होतं. बावीस वर्षं तो मालकांना, पोलिसांना, नाक्यावरच्या शिपायांना हेच उत्तर देत आला होता. जीभ त्या वळणाची झाली होती. फोन ठेवल्यावर त्यानं सुपाचा वाडगा बाजूला सारला.

कारण चढवलं होतं.

आमच्याकडे रिकामी गाडी कुणाला बघवत नाही. डोंगरातून खाली येणाऱ्या ट्रकमध्ये बोटभर जागा मोकळी दिसली की रस्त्यावरचा माणूस हात करतो. कुणाची लोकर असते, कुणाचं चीज, कुणाची व्यायलेली मेंढी. ड्रायव्हरलोक याला पार्ट लोड म्हणतात आणि कुणी नाही म्हणत नाही, कारण नाही म्हटलेल्या ड्रायव्हरला पुढच्या वेळी चिखलात अडकल्यावर ढकलायला कुणी येत नाही. पण तेओची गाडी तसली नव्हती. खाणीचा कंपनीशी राखीव वापराचा करार होता. गाडीत फक्त त्यांचा माल. अर्धी भरली तरी पैसे पुऱ्या गाडीचे, आणि उरलेली अर्धी जागा मोकळीच जायची. एवढंच नाही, परत येतानाची रिकामी गाडीसुद्धा त्यांचीच. धुवून, तपासून, कागदावर सही होईपर्यंत तिच्यात काडीही टाकायची नाही. तेओनं त्या करारावर तीन ठिकाणी सह्या केल्या होत्या. जाताना दहाच खोकी होती, तीही मागच्या चाकांवर वजन नीट यावं म्हणून मधोमध बांधलेली, पुढं मागं मोकळं रान. एवढी जागा वाया जाताना बघून त्याचा जीव कळवळायचा.

"खाल्लेल्या ताटाला धुवायच्या आधी कुणी लॉक लावतं का?" असं तो मित्रांना हसून म्हणायचा.

आणि त्यात वहिनीचा निरोप आला. त्याचा थोरला भाऊ इलारिओ फेब्रुवारीत गेला. वायाता गावात इलारिओच्या नावाचं हे पहिलं ताट, म्हणजे अख्खा गाव जेवायला. त्यासाठी खाणीच्या वाटेवरच्या सान रोकेच्या भट्टीत पाव सांगितले होते. बाळांच्या आकाराचे, घोड्यांच्या आकाराचे, आत्म्याला वर चढायला शिडीच्या आकाराचे. बेनेदिक्ता वहिनीनं फोनवर म्हटलं होतं, "भावजी, तुमची गाडी तिकडून रिकामीच येते ना? तेवढे पाव आणाल का? माझ्याकडं दुसरं कोण आहे?" आता सांगा, या माणसानं काय करायचं होतं?

करायचं होतं ते एकच, नाही म्हणायचं. पण त्यानं एक तारखेला पहाटे सान रोकेच्या भट्टीसमोर गाडी लावली. वर तर त्यानं शहाणपणा केला, म्हणजे शहाणपणा असं त्याला वाटलं. भावाच्या ताटाचे पाव म्हणून त्यानं हौदा झाडूनबिडून लख्ख केला. फळ्यांच्या फटीत पांढरं काही होतं, ते त्याला लाकडाचा भुसा वाटलं. झाडताना धुरळा उडाला. तो बसायच्या आतच त्यानं कापडी पोती आत घेतली. पाव भट्टीतून गरमागरम आलेले, घाम धरू नये म्हणून पोत्यांची तोंडं उघडी ठेवलेली. वाटेत त्याचं डोकं जड झालं, ते त्यानं उंचीवर ढकललं आणि त्यावर उपाय म्हणून कोकाची दोन पानं चघळली. वायातात पाव ताटावर मांडून तो गाडी घेऊन हुलियाकाला परतला.

हे सगळं त्याला आत्ता बाकावर बसल्या बसल्या एकामागोमाग आठवत गेलं.

तेवढ्यात रोमुलो बाहेर आला. मास्क खाली न करताच तो तेओसमोर उभा राहिला आणि त्यानं हातमोज्यातली मूठ उघडली. तळव्यावर नखाएवढा चेहरा होता. गुलाबी गाल, काळे डोळे, लाल ओठ. बाळाच्या आकाराच्या पावाला तोंडाशी चिकटवतात तो प्लास्टरचा चेहरा. त्याच्या कपाळावर पांढरी पूड होती.

"हे कुणाचं तोंड आहे रे?" रोमुलोनं विचारलं.

तेओनं हात पुढं केला, तशी रोमुलोनं मूठ मिटली.

"तुला विचारतोय मी. फटीतून सायनाइड निघतंय आणि सायनाइडवर पावाचा चुरा निघतोय. पाव घातलास तू यात? अरे तोंड उघड ना!"

"वहिनीचे," तेओ म्हणाला. "इलारिओच्या ताटाचे."

रोमुलो दोन पावलं मागं सरकला. "खाल्ले?"

"बारा वाजता खातील."

रोमुलोला फोड करून सांगायची गरज नव्हती, तो आमच्यातलाच होता. आत्मे एक तारखेला दुपारी येतात आणि दोन तारखेला दुपारी बारा वाजता जातात. इतर गावांत प्रार्थना म्हणणाऱ्याला लगेच पाव हातावर ठेवतात, पण वायाता त्या बाबतीत फार कडक. तिथं बारा वाजून आत्मा उठल्याशिवाय ताटातल्या कणालाही कुणी शिवत नाही. आणि बारा वाजले की मग थांबत नाहीत, दोन मिनिटांत शंभर हात पुढं येतात आणि पाव वाटला जातो. पोरांना आधी.

"साडेनऊ झालेत," रोमुलो म्हणाला. "फोन लाव."

तेओनं वहिनीला फोन लावला. बंद. गावचे कारभारी निकानोरकाका, त्यांना लावला. वाजून वाजून थांबला. वायातात फोन लागतो तो टेकडीवर, आणि सणाच्या दिवशी टेकडीवर कोण बसणार? पोलिसांना लावायचा होता ना! रोमुलोही तेच म्हणाला. पण पोलीस म्हणताच तेओच्या डोळ्यांसमोर बेड्या आल्या, रोसाउराबाई आल्या, आणि त्यानं नकाराची मान हलवली. घाबरलेला माणूस किती मूर्ख होऊ शकतो याला काही माप नाही.

"मी जातो," तो म्हणाला. "मी पोचतो. तुझी मोटरसायकल दे."

रोमुलोनं किल्ली त्याच्या अंगावर फेकली. "जा मेल्या! आणि बारा वाजले तर परत मला तोंड दाखवू नकोस!"

*

सव्वादोन तासांचा रस्ता. पहिला तास डांबरी, मग कच्चा. तेओनं आयुष्यात मोठाल्या गाड्या चालवल्या होत्या, या फटफटीवर तो सर्कशीतल्या अस्वलासारखा दिसत होता. वारं नाकात शिरून डोळ्यांतून बाहेर येत होतं. वाटेत प्रत्येक गावाच्या स्मशानात माणसांची गर्दी, बँडचे आवाज, जांभळी फुलं. एका कुंपणापाशी एक बाई मांडीवरच्या पोराला पाव भरवत होती. तेओच्या काळजात असं काही झालं की गाडी रस्त्याबाहेरच गेली असती. तो पाव त्याचा नव्हता, त्या बाईचा गाव वेगळा, भट्टी वेगळी. तरी पुढं कितीतरी वेळ त्याला ते चघळणारं इवलं तोंड दिसत राहिलं.

तो मनातल्या मनात माणसं मोजत होता. निकानोरकाकांची चार नातवंडं. शाळेच्या मास्तरांच्या दोन मुली. वहिनीची आई. बँडवाले सात. प्रार्थना म्हणायला येणारी पोरं, ती किती असतील? तीस? प्रत्येकाच्या हातात तो पाव ठेवत होता आणि प्रत्येकाच्या हातातून मनातच हिसकावून घेत होता. देवा, घड्याळाचा काटा तिथंच थांबव, असं तो मोठ्यानं ओरडलासुद्धा. ऐकायला फक्त लामांचा कळप होता.

कच्च्या रस्त्यावर गारा पडायला लागल्या. चाक घसरलं, तो पडला, गुडघा फुटला, उठून परत बसला. घड्याळाची काच तडकली पण आतला काटा चालूच होता. अकरा वाजून बावीस. अकरा चाळीस. शेवटची चढण चढून तो वहिनीच्या अंगणात शिरला तेव्हा बाराला तेरा मिनिटं कमी होती. अंगणात सगळा गाव उभा होता, टोप्या हातात घेतलेला, आणि पोरं पुढं रांगेत.

"थांबा!" तो गाडीवरूनच ओरडला. "कुणी हात लावू नका! पावाला हात लावू नका!"

सगळ्यांच्या माना वळल्या. गारांनी भिजलेला, गुडघ्यातून रक्त, डोळे लाल.

"आला का भाऊराया!" मागून कुणीतरी म्हणालं. "सकाळी सकाळीच टाकून आलाय."

लोक हसले. निकानोरकाका हसले नाहीत. ते पुढं आले. "तेओ, आवाज खाली घे. तुझा भाऊ आत बसलाय अजून. बारा वाजायचेत."

"काका, पाव विषारी आहे."

"काय बोलतोस?"

"ज्या गाडीतून आणला तिच्यात सायनाइड सांडलं होतं. खाणीचं. मला माहीत नव्हतं. आज कळलं. एक घास जरी कुणाच्या पोटात गेला..."

 सायनाइड हा शब्द डोंगरातल्या लोकांना समजावून सांगावा लागत नाही. नदीत मेलेले मासे त्यांनी पाहिलेत. आयांनी पोरांना असं मागं ओढलं की दोन पोरं पडली. मग एकच गलका झाला. कुणी तेओच्या आईला शिव्या घातल्या, कुणी त्याच्या कंपनीला. कुणीतरी त्याच्या पाठीत दगड मारला, आणि त्याला तो लागल्याचं बरंच वाटलं.

"मारा नंतर!" तो म्हणाला. "काय करायचं ते करा. आधी सांगा, कुणी खाल्लंय का? एक तुकडा? चाटलंय का कुणी?"

एकदम शांतता. 

आणि त्या शांततेची तेओला दगडापेक्षा जास्त भीती वाटली. कारण त्याला कळलं की खाल्लं असलं तरी कुणी बोलणार नाही. वायातात मेलेल्याच्या आधी जो खातो त्याच्यामुळं आत्मा वर्षभर उपाशी राहतो, आणि गाव ते विसरत नाही. बेंजामिन तुर्पोनं सात वर्षांचा असताना अकरा वाजता पावाच्या एका घोड्याची शेपटी खाल्ली होती. आज तो एकसष्ट वर्षांचा आहे, त्याला नातवंडं आहेत, आणि गाव त्याला अजून 'आधीखाऊ' म्हणतो. त्याच्या बायकोलाही आधीखाऊची बायको म्हणतात. अशा गावात, भरल्या अंगणात, कोण हात वर करणार?

नर्स येनी पुढं आली. गावातल्या दवाखान्यात ती एकटीच, सुट्टी म्हणून तीही ताटाला आली होती. तिनं दारातूनच आत बघितलं. काळं कापड, मेणबत्त्या, इलारिओचा फोटो, आणि तीन पायऱ्यांवर रचलेले पाव.

"मोठ्या बाळाचा हात मोडलाय," ती म्हणाली.

सगळे दाराशी झुकले. मधोमध, फोटोच्या खाली, इलारिओच्या नावाचा सगळ्यात मोठा पाव होता. त्याचा डावा हात कोपरापासून नव्हता.

"येताना गाडीत मोडला असेल," कुणीतरी म्हणालं.

"नाही," तेओ म्हणाला. "मी काल स्वतः ठेवला तो. पुरा होता."  तो लोकांकडं वळला. "ऐका, माझं ऐका. राखीव गाडी होती, दुसरं काही घालायचं नाही म्हणून मी सह्या केल्या होत्या. तरी घातलं. आज बाईंनी विचारलं काही चढवलं होतंस का, तर मी नाही म्हणालो. त्यांना खोटं बोललो, तुम्ही इथं मरणार असताना! माझ्याइतकं पाप तुमच्यातल्या कुणाचंच नाही. पावाचा तुकडा काय, लाज काय, मी पाया पडतो, ज्यानं खाल्लं त्यानं बोला!"

तो खरंच गुडघ्यांवर बसला, फुटक्या गुडघ्यासकट. बेंजामिन तुर्पो म्हातारा रडायला लागला आणि म्हणाला, "पोरांनो, बोला रे. मी काही मेलो नाही लाजेनं."  आया पोरांची तोंडं उघडून हुंगत होत्या.

तेव्हा तेओचं लक्ष पायरीकडं गेलं.

बेनेदिक्ता वहिनी पायरीवर बसली होती.  काळी शाल, काळी हॅट, आणि त्याखाली तिचे गाल असे लालबुंद झाले होते जसे लग्नात नाचून आल्यावर होतात. ती तोंड उघडं टाकून भराभर श्वास घेत होती.

"वहिनी?"

"काही नाही भावजी. उपास आहे. चक्कर येतेय."

"वहिनी, तुम्ही खाल्लंत?"

"नाही."

येनी तिच्याजवळ बसली, नाडी धरली. "बाई, खरं सांगा. मला माहीत असलं पाहिजे. उपास असेल तर मी साखर देते, विष असेल तर वेगळं काही करावं लागेल. खाल्लंय का?"

वहिनीनं अंगणाकडं बघितलं. सगळा गाव तिच्याकडं बघत होता. तिच्या नवऱ्याचं ताट, तिच्या नवऱ्याचं पहिलं वर्ष. "मी कशी खाईन?" ती म्हणाली. "माझा माणूस जेवतोय आत." आणि ती कडेला कलंडली.

"खाल्लंय तिनं," तेओ ओरडला. "मी सांगतो, खाल्लंय!"

कुणी त्याला विचारलं नाही की तुला काय माहीत. चौघांनी तिला उचललं. येनी धावत दवाखान्याकडं निघाली, धावता धावताच सांगत होती, "तोंडाला तोंड लावू नका कुणी तिच्या! ऑक्सिजनची एक टाकी आहे माझ्याकडं. एकच. या विषावरचं औषध माझ्याकडं नाही, ते खाणीवर असतं! तेओ, खाणीवर!"

फोन टेकडीवर लागतो. तेओ टेकडी चढला. कसा चढला ते त्याला आजही सांगता येत नाही. छाती फुटते की काय असं झालं होतं, गुडघा वाकत नव्हता, वर पोचून त्यानं नंबर लावला तेव्हा खाली देवळातली घंटा बाराचे टोल देत होती.

"मॅडम, तेओ. चढवलं होतं."

"काय?"

"पार्ट लोड. पाव. वायातात आहे मी. एका बाईनं खाल्लाय. औषध पाठवा. मॅडम, आधी औषध पाठवा, मग मला काय बोलायचं ते बोला."

 मग बाई बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "किती वेळ झाला खाऊन? शुद्धीवर आहे? बाकी कुणी? ठीक. खाणीची ॲम्ब्युलन्स निघतेय, पन्नास मिनिटं. पाव जाळू नका, पाण्यात टाकू नका, पुरू नका. खोली बंद करा आणि बाहेर माणूस बसवा. पोलिसांना मी सांगते. आणि तेओ..."

"हां मॅडम."

"फोन चालू ठेव." बस, एवढंच.

पन्नास मिनिटं. देवानं कुणाला अशी पन्नास मिनिटं दाखवू नयेत. दवाखान्याच्या एका खोलीत वहिनी पडली होती, तोंडावर ऑक्सिजन, अंगाला मधूनच आचके. येनी सारखी टाकीचा काटा बघत होती आणि प्रत्येक वेळी तोंड फिरवत होती. बाहेर गाव उभा होता, तसाच, टोप्या हातात. इलारिओच्या खोलीला कुलूप लागलं होतं, निकानोरकाका दारात बसले होते. बारा वाजून गेले होते आणि आत्म्याला निरोप द्यायला कुणी गेलं नव्हतं. तेओ भिंतीला टेकून उभा होता. श्वास घे, एवढंच तो म्हणत होता. घे. आता परत घे. एकदा दोन श्वासांच्या मध्ये एवढा वेळ गेला की त्याच्या तोंडून किंकाळी फुटली, आणि येनीनं त्याला बाहेर जायला सांगितलं. तो गेला नाही.

ॲम्ब्युलन्स आली ती शेहेचाळिसाव्या मिनिटाला. दोन माणसं उतरली, त्यांनी कुणाशी न बोलता सुई लावली. थोड्या वेळानं दुसरी लावली. त्यातला एक जण मनगटावर बोटं ठेवून बराच वेळ बसला, मग येनीकडं बघून त्यानं मान हलवली, होकाराची. थोडंच गेलं होतं म्हणून वाचल्या, म्हणाला.

तासाभरानं वहिनीनं डोळे उघडले. ॲम्ब्युलन्सची माणसं स्ट्रेचर आणायला बाहेर गेली होती. तिनं तोंडावरची नळी बाजूला केली.

"भावजी."

"बोलू नका वहिनी."

"लोकांना सांगितलंत?"

"सांगावं लागलं."

तिनं डोळे मिटले, परत उघडले. "मेणबत्ती बदलायला आत गेले होते. साडेअकराला. तुम्हाला ठाऊक आहे ना, तुमचा भाऊ जेवायला बसला की पहिला तुकडा मोडून मला द्यायचा? तेवीस वर्षं. मी घेतल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. फोटोकडं बघितलं तर वाटलं, थांबलाय माझ्यासाठी. धर म्हणतोय." तिला धाप लागली. "मी त्याच्या आधी खाल्लं नाही हो. त्यानं दिला मला."

तेओ तिच्या खाटेशी खाली बसला. त्याला तिचा हात धरायचा होता, पण आपल्या हाताला अजून काही लागलेलं असेल या भीतीनं त्यानं तो धरला नाही.

"त्यानं नाही वहिनी," तो म्हणाला. "मी दिला."